तांब्याचे टाके

शकूनं कप खाली ठेवला तो इतक्या जोरात, की त्याचे दोन तुकडे झाले. चहा टेबलावरून जमिनीवर ओघळायला लागला. ती पुसायलाही उठली नाही.

“माझ्याच हातानं काढायला सांगितलेत,” ती म्हणाली. “म्हणे, करडेबाई, तुमच्याइतका हलका हात इथं कुणाचाच नाही.”

मी फडकं आणलं. “काय काढायला सांगितलं?”

“टाके. वाडग्याचे टाके. सोमवारी सकाळी.”

एवढ्यावरून मला समजलं. त्या वाडग्याबद्दल आमच्या घरात वर्षभर इतकं बोलणं झालं होतं, की तो घरातलाच कुणी असावा.

शकू पुण्यातल्या एका संस्थेच्या संग्रहालयात काम करायची. खोदकामातून निघालेली खापरं धुवायची, लावायची, जोडायची, कुठली नि कुठल्या काळातली ते ठरवायचं, हे तिचं काम. मी तांबट. आमचं घर वर आणि कारखाना खाली. ती एम.ए. झालेली आणि मी नववीतून शाळा सोडलेला. पण तिचे वडीलही तांबटच, नाशिकला त्यांची भट्टी होती. बघायला गेलो तेव्हा तिनं मला एकच विचारलं होतं, घागरीचा गळा एकसंध काढता की जोडता. मी म्हणालो, जोडतो, पण दाखवून दे कुठं जोडलाय. तिला ते दाखवता आलं नव्हतं.

तर तो वाडगा. रायगडच्या किनाऱ्यावर आगरबंदर म्हणून गाव आहे. आता तिथं नारळ आणि मचवे, पण कधीकाळी मोठं बंदर होतं. संस्थेनं तिथं खोदकाम केलं तेव्हा चिनी भांड्यांचे तुकडे पोत्यांनी निघाले. झाऱ्यांच्या तोट्या, झाकणं, बश्या. आणि एका घराच्या जमिनीत, कोपऱ्यात, हा चहाचा वाडगा. आठशे-नऊशे वर्षांचा. काळाभोर, आत तपकिरी बारीक रेघा, सशाच्या अंगावरच्या केसांसारख्या. तिकडे चीनमध्ये त्या काळी चहाची पूड करून अशा वाडग्यात गरम पाण्यानं घुसळून प्यायचे. पांढरा फेस उठून दिसावा म्हणून वाडगा काळा. हे सगळं शकूकडून ऐकलेलं.

वाडगा मधून फुटलेला होता आणि कुणीतरी तो तांब्याचे छोटे टाके घालून जोडला होता. टाके हिरवे पडलेले, पण अजून धरून होते. शकूचं म्हणणं, ते टाके आगरबंदरातच घातले गेले. म्हणजे हे भांडं तिथं कुणाच्या तरी वापरातलं, जपलेलं होतं. तिचे वरिष्ठ, डॉ. रेगे, यांचं म्हणणं, तसा पुरावा नाही. चीनमध्येच जोडून आलं असेल, नाहीतर जहाजावरच्या कुणी खलाशानं जोडलं असेल. बंदरात माल उतरताना फुटतो, फुटका माल भरावात जातो. वाडगा भरावातला.

“आणि आता ते चीनमधलं सामान येतंय ना,” शकू म्हणाली. “किटली, चहाचा खल, बांबूची रवी. प्रदर्शनात मधोमध आपला वाडगा ठेवायचा. तर रेगेसाहेब म्हणतात, पाहुण्यांसमोर फुटकं भांडं कसं मांडायचं? टाके काढा, भेग भरून रंगवून घ्या, भट्टीतून आत्ता निघाल्यासारखा दिसला पाहिजे.”

“पाहुण्यांना आपणही फुटका कप देत नाही.”

“मी तेच म्हटलं असतं, दुसऱ्या कुठल्या भांड्याबद्दल.” तिनं कपाचे तुकडे हातात घेतले. “एकदा टाके उपटले की संपलं. परत कोण सांगणार ते कुणी घातले होते? आणि उपटणार मी.”

“नाही म्हण.”

“म्हटलं. ते म्हणाले, मग कारण द्या. नुसतं वाटतं म्हणून चालत नाही. बरोबरच आहे त्यांचं. माझ्याकडे कारण नाही.”

ती जेवलीही नाही धड. तुकडे ओट्याच्या कडेला ठेवून ती झोपायला गेली. निळ्या फुलांचा तो कप तिच्या वडिलांनी ती एम.ए. झाल्यावर दिलेल्या सेटातला शेवटचा होता. बाकीचे घराघरांत फुटतात तसे फुटले होते.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो तो तुकडे खिशात घालून.

मी चिनीमातीला कधी हात लावला नव्हता. पण आजोबांचा सामता होता माझ्याकडे, म्हणजे दोरीनं मागे-पुढे फिरवायचं गिरमिट. त्याला तांब्याची बारीक सळई लावली, टोकाला कुरुंदाच्या दगडाची ओली पूड, आणि भोकं पाडायला बसलो. हाताला सवय लागेपर्यंत एकदा कड उडाली. पण मग जमलं. तांब्याची तार लाल करून पाण्यात विझवली की लोण्यासारखी मऊ होते. तिचे तुकडे भेगेवर आडवे टाकले, दोन्ही टोकं भोकांतून आत काढली आणि हलकेच ठोकून डोकी बसवली. तीन टाके. कप असा घट्ट बसला, की मी तो ओल्या कापडानं पुसला आणि उन्हाकडे धरून बघत बसलो. कामावरच्या लोकांना वाटलं, मालकाला काय झालं. दुपारी शेजारचा बबन वडके आला आणि म्हणाला, “मधूशेट, आता कपांचं दुकान टाकणार काय?” मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, “झकास. वहिनी खूश.”

रविवारी सकाळी मी त्यातच चहा ओतून शकूपुढे ठेवला. ती पेपर वाचत होती. कप उचलला, मग बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही केलंत?”

“नाही, शेजारणीनं केलं.”

तिनं कप फिरवून टाके पाहिले. एकेका टाक्यावर अंगठा फिरवला. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. एक घोट घेतला. दुसरा घेतला.

“अहो,” ती म्हणाली, “हा गळतोय.”

“कुठं गळतोय?”

“माझ्या मांडीवर.”

खरंच गळत होता. तिन्ही टाक्यांखालून चहा झिरपत होता. तिनं कप बशीत ठेवला आणि हसायला लागली. मला वाटलं आता थांबेल, पण थांबेना. पदरानं डोळे पुसून म्हणाली, “मोठे कारागीर. आख्ख्या आळीत घागर गळत नाही म्हणून नाव, आणि बायकोचा कप गळका.”

“घागरीचं वेगळं.”

“काय वेगळं?”

“तांबं तांब्याला धरतं. ठोकलं की भोक आपलं आपण मिटतं. ही माती कुठली मिटते? माझ्या लक्षातच आलं नाही.”

“आरपार पाडलंत भोक?”

“मग? टाका आरपारच असतो. नाहीतर धरेल कसा?”

ती हसायची थांबली. ती एकदम थांबली म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. बशीत चहा साठत होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

“परत सांगा,” ती म्हणाली.

“काय?”

“का आरपार पाडलंत.”

“अगं, तसंच पाडतात. तुझ्या वडिलांनी कधी वेगळं पाडलं का?”

“नाही,” ती हळू म्हणाली. “नाही पाडलं. मला पण ते बरोबरच वाटलं. वर्षभर बरोबरच वाटलं.” मग तिनं विचारलं, “आणि भोकात लाख भरली असती तर?”

“तर थंड पाण्यापुरतं चाललं असतं. चहा ओतला की लाख पाघळणार.”

ती उठली. कप धुतला, कोरडा केला, रुमालात बांधला आणि ऑफिसच्या पिशवीत ठेवला.

“तो कुठं नेतेस?”

“उद्या तुम्ही माझ्याबरोबर आत यायचं,” ती म्हणाली.

“मी गेटपाशी थांबतो की.”

“आत यायचं.”

मी तिला रोज स्कूटरवरून सोडायचो, पण गेटच्या आत जायचो नाही. लग्न झाल्यावर एकदा तिच्याबरोबर त्यांच्या कसल्याशा समारंभाला गेलो होतो. एका गृहस्थांनी विचारलं, आपण कुठल्या विषयात? मी म्हणालो, घागरीत. सगळे हसले. वाईट कुणी हसलं नाही, शकूही हसली. पण त्यानंतर मी गेटवरचा वॉचमन आणि पानवाला यांच्यातच बरा रमलो. तिनं कधी आग्रह केला नव्हता. त्या रविवारी ती आग्रह करत नव्हती, सांगत होती.

“काय करायचंय मी तिथं?”

“काही नाही. उभं राहायचं.”

“आणि तुझं कारण सापडलं का?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. “सापडलं तर लिनबाईंकडे सापडेल. त्या काय म्हणतील त्यावर आहे. उलटं म्हणाल्या तर टाके मी काढून टाकीन, आणि परत त्या वाडग्याचं नाव काढणार नाही.”

लिनबाई म्हणजे फुजियानहून सामानाबरोबर आलेल्या चिनी तज्ज्ञ. तो वाडगा मुळात त्यांच्याच भागातला. त्या रात्री ती नीट जेवली.

सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. वॉचमननं मला आत जाताना बघून सलाम ठोकला, थट्टेनं.

शकूची खोली लांबलचक होती. भिंतीभर ट्रे, ट्रेमध्ये खापरं. मधल्या टेबलावर पांढऱ्या कापडावर तो वाडगा. मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या मनात होता त्यापेक्षा लहान निघाला, ओंजळीत मावेल एवढा. शेजारी चिमटे, बारीक पक्कड, कापूस असं सगळं मांडून ठेवलेलं होतं. रेगेसाहेब आधीच येऊन बसले होते. उंच, सडसडीत माणूस, चष्मा कपाळावर.

“या करडेबाई. आणि हे?”

“माझे यजमान. आज यांचं काम आहे इथं.”

“वा, बरं झालं,” रेगेसाहेब मला म्हणाले. “ती कोपऱ्यातली पेटी जरा इकडे घ्यायचीय. शिपाई रजेवर आहे.”

मी पेटी उचलून आणली. शकूच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलेलं मला दिसलं.

थोड्या वेळानं लिनबाई आल्या. पासष्टीच्या असतील. केस पुरुषांसारखे कापलेले, पायांत कापडी बूट, खांद्याला थर्मास. बरोबर चिनी भाषा शिकवणाऱ्या सबनीसबाई होत्या, दुभाषी म्हणून. लिनबाई एक वाक्य बोलल्या, की सबनीसबाई चार बोलायच्या, आणि लिनबाई खूप बोलल्या, की त्या म्हणायच्या, “हो म्हणतात.”

रेगेसाहेबांनी सांगितलं की आज वाडगा दुरुस्त करायला घेतोय, प्रदर्शनापर्यंत अगदी नवा दिसेल. लिनबाईंनी वाडग्याकडे लांबूनच पाहून मान हलवली. त्यांचं लक्ष पेटीतल्या किटलीकडे होतं.

“साहेब, त्याआधी एक मिनिट,” शकू म्हणाली. तिनं पिशवीतून रुमाल काढला, निळ्या फुलांचा कप टेबलावर ठेवला आणि सबनीसबाईंना म्हणाली, “यांना विचारा, माझ्या कपातून थोडा चहा घेतील का. थर्मासमधला त्यांचाच.”

रेगेसाहेबांच्या कपाळावरचा चष्मा खाली आला. “करडेबाई, हे आत्ता?”

“आत्ताच, साहेब.”

लिनबाईंनी हसून थर्मास उघडला आणि कपात चहा ओतला. पिवळसर, वाफाळता. त्यांनी कप उचलला आणि चहा टाक्यांखालून निघून त्यांच्या मनगटावरून बाहीत गेला. त्यांनी चटकन कप ट्रेमध्ये ठेवला. हात झटकला. मग कप उलटा करून पाहिला, आत बोट घालून पाहिलं, आणि झरझर काहीतरी बोलल्या. त्यांचा आवाज एखाद्या मास्तरणीचा झाला होता.

सबनीसबाई घुटमळल्या.

“सांगा ना,” शकू म्हणाली.

“त्या विचारतायत, हे कुठल्या अडाण्यानं केलंय.”

“यांनी,” शकू म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरळ उभा राहिलो, दुसरं काय करणार. सबनीसबाईंनी ते चिनीत सांगितल्यावर लिनबाईंचा चेहरा पडला. त्या हात हलवून काहीतरी समजावायला लागल्या.

“काही बिघडलं नाही,” मी म्हणालो. “गळतोय ते खरंच आहे.”

“त्यांना विचारा,” शकू सबनीसबाईंना म्हणाली, “त्यांच्याकडे कसं करतात. त्यांच्याकडचा जुना कप जोडणारा भोक कसं पाडतो.”

लिनबाईंनी टेबलावरचं एक खापर उचललं. नखानं त्याच्या जाडीच्या निम्म्यावर खूण केली. तेवढंच, असं डोक्यानं दाखवलं. मग दोन बोटं आकड्यासारखी वाकवून बाहेरच्या बाजूनंच खापरावर रोवली.

“निम्म्यापर्यंतच,” सबनीसबाई सांगायला लागल्या. “टाका बाहेरून बसतो. आत त्याचं टोकही दिसता कामा नये, नाहीतर चहा गळणार. त्या म्हणतात, त्यांचे आजोबा हेच काम करायचे, गावोगाव फिरून. शिकाऊ माणसाचं भोक आरपार गेलं तर त्या दिवशी त्याला जेवायला नाही. फार फार जुनी रीत आहे, म्हणतात. चहा पिणारा कुणीही आरपार भोक पाडणार नाही.”

शकूनं डोळे मिटले. क्षणभरच. मग तिनं दोन्ही हातांनी काळा वाडगा उचलला आणि लिनबाईंपुढे, त्या गळक्या कपाशेजारी ठेवला.

“आता हा बघा म्हणावं. आतून.”

लिनबाईंनी चष्मा बदलला. टेबलावरचा दिवा जवळ ओढला. वाडगा बाहेरून पाहिला, आतून पाहिला, परत बाहेरून पाहिला. आतल्या मातीच्या पापुद्र्यातून टाक्यांची चपटी डोकी दिसत होती, प्रत्येक टाक्याची दोन. त्यांनी माझा कप उचलून त्याच्याजवळ धरला. मग त्या माझ्याकडे वळल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच वाक्य बोलल्या.

सबनीसबाईंना हसू आवरेना. “त्या म्हणतात, हा पण याच अडाण्यानं केलाय.”

पहिले रेगेसाहेब हसले. मग सगळेच. मीही हसलो. ते पूर्वीच्या समारंभातलं हसणं नव्हतं, किंवा असेल तसंच, पण मी आता त्यात होतो.

“साहेब,” शकू म्हणाली, “हे चीनमध्ये जोडलेलं नाही. तिकडच्या माणसानं हे असं केलंच नसतं. ज्यानं केलं त्यानं जन्मात चहाचा वाडगा जोडला नव्हता. त्यानं घागरी जोडल्या होत्या, हंडे जोडले होते. त्याच्या हाताला आरपारचीच सवय. हा आपल्याकडचा तांबट आहे.”

रेगेसाहेब गंभीर झाले. माणूस सरळ होता, पण मुद्दा सहज सोडणारा नव्हता. “एक तुमच्या यजमानांची चूक आणि एक त्याची. यावरून सिद्ध होतं?”

“चूक तीच आहे.”

“खलाशी का नाही? त्यालाही चहा माहीत नसेल.”

शकूनं स्टँडवरची स्पिरिटची दिवटी लावली, सुई तापवली आणि वाडग्याच्या आतल्या एका टाक्याच्या कडेला, जिथं काळपट चिकट काहीतरी होतं, तिथं हलकेच टेकवली. धुराची रेघ उठली. तिनं रेगेसाहेबांना जवळ बोलावलं. तो वास माझ्यापर्यंत आला आणि मला आमचा कारखाना आठवला, माझे आजोबा आठवले.

“लाख,” शकू म्हणाली. “गळू नये म्हणून लाख भरलीय. सामता, मऊ केलेलं तांबं, लाख. हे जहाजावर कुणाकडे नसतं, साहेब. हे दुकान आहे. भट्टी, ऐरण, सगळं असलेलं.”

सबनीसबाईंनी लाखेचं सांगितलं तेव्हा लिनबाई पुढे वाकल्या. “पण लाख तर गरम चहानं सुटेल, म्हणतात.”

“हो. म्हणजे यात चहा कधी ओतलाच नाही. गरम काहीच ओतलं नाही.”

“मग काय ठेवत होते?”

“ते मला माहीत नाही,” शकू म्हणाली. “खरंच माहीत नाही. ज्या लोकांना चहा काय ते ठाऊक नव्हतं, त्यांनी चहाचा वाडगा घरात ठेवला, फुटला तेव्हा तांबटाकडे नेला, आणि जोडून परत घरात आणला. एवढं कळतं.”

 लिनबाईंनी वाडगा दोन्ही तळहातांवर घेतला. मग त्या हळू बोलल्या आणि सबनीसबाईंनी या वेळी एकही शब्द जास्त घातला नाही.

“त्या म्हणतात, आमच्याकडे भट्ट्यांच्या बाजूला अशा फुटक्या वाडग्यांचे डोंगर आहेत. लहानपणी आम्ही त्यांवरून घसरत खेळायचो. कुणी त्यांच्याकडे बघतही नाही. हा एवढा लांब आला आणि फुटल्यावरही याला कुणी टाकलं नाही.”

मग त्यांनी रेगेसाहेबांकडे बघून आणखी काही सांगितलं.

“त्या म्हणतात, पाहुणी मी आहे ना? मग मला हाच मांडा. असाच.”

रेगेसाहेबांनी चष्मा परत कपाळावर चढवला. टेबलावरची पक्कड उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि खणात टाकून खण लावला.

“लाखेची तपासणी करून घ्यावी लागेल,” ते म्हणाले. “नुसत्या वासावर मी कागदावर सही करणार नाही.”

“करून घेऊ.”

“आणि पाटीवर काय लिहायचं?”

शकूला ते तयारच होतं. “चहाचा वाडगा. फुजियान. आगरबंदरच्या घरातून. दुरुस्ती कोकणातल्या तांबटाची.”

“बहुधा घाला, करडेबाई. दुरुस्ती बहुधा कोकणातल्या तांबटाची.”

“बहुधा घालते, साहेब,” ती म्हणाली. पुढे तपासणीत लाखच निघाली आणि रेगेसाहेबांनी स्वतःच्या पेनानं ते ‘बहुधा’ खोडलं. पण त्या सोमवारीही तिचा आवाज ‘बहुधा’वाल्याचा नव्हता.

मी निघायला लागलो तर रेगेसाहेबांनी खुर्ची ओढली. “करडे, बसा. चहा घेऊन जा. आमचे कप गळत नाहीत.” मी बसलो. लिनबाई माझ्या समोर बसल्या आणि खापरावर भोक निम्म्यावर कसं थांबवायचं ते मला परत एकदा दाखवलं, बोटांनी, सबनीसबाईंशिवाय. मला सगळं समजलं. मग माझ्या अंगठ्यावरचा घट्टा त्यांनी दाबून पाहिला आणि मान डोलावली.

संध्याकाळी शकू गेटबाहेर आली. मी स्कूटर चालू केली, ती मागे बसली. लकडी पूल आला.

“एक सांग,” मी म्हणालो. “त्याला चहा ठाऊक नाही. वाडगा जोडूनही कशाच्या कामाचा नाही. मग कशाला एवढी खटपट केली त्यानं?”

“तुम्ही माझा कप का जोडलात?”

“तुझा होता म्हणून.”

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या आळीत शिरल्यावर बायका खांद्यावरचा हात काढून घेतात. तिनं काढला नाही. बबन वडकेनं बघितलं आणि ऐरणीवरचा हात थांबवून मान खाली घातली.

प्रदर्शनाला तिनं मला आणि आळीतल्या झाडून सगळ्यांना नेलं. तांबट लोक इस्त्रीच्या कपड्यांत ओळीनं त्या काचेपुढे उभे राहिले. प्रत्येकानं टाके पाहिले. बबन म्हणाला, “डोकी जरा मोठी बसवलीत.” एक म्हातारे होते, त्यांनी काचेला हात जोडले. पाटी वाचून झाल्यावर सगळे वाडग्याकडे पाठ करून शकूकडे बघत होते. ती शेजारी उभी होती, कॉटनची साधी साडी, हातात पर्स. मी आयुष्यात पुष्कळ भांडी घडवली, काही देवळांत गेली, काही परदेशात गेली. पण त्या दिवसासारखी छाती कधी भरली नाही.

कपाचं म्हणाल तर मी तिला पुढच्याच आठवड्यात म्हणालो, दे, आता जमेल मला, निम्म्यापर्यंत. तिनं दिला नाही. “त्याला हात लावायचा नाही,” म्हणाली. कप तिच्या आरशापुढे गेला. रात्री झोपताना ती कानातली काढून त्यात टाकायची. सोनं चिनीमातीवर पडल्याचा तो बारीक आवाज आला, की मी दिवा मालवायचो.

शकूला जाऊन दोन वर्षं झाली. कप तिथंच आहे. अनघा, आमची मुलगी, नागपूरहून आली की आरसा पुसते, कपाच्या भोवतीनं पुसते.

मी अधूनमधून संग्रहालयात जातो. सरळ गेटातून आत. वाडगा आता कायमचा मांडलेला आहे, पाटी तीच आहे, शकूनं लिहिली तशी. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा काचेपुढे एक जोडपं उभं होतं. बाईनं पाटी वाचून काढली आणि नवऱ्याला म्हणाली, “पण अशा टाके घातलेल्या वाडग्यात ठेवत काय असतील?”

मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी म्हणालो, “आमच्याकडे आहे एक. त्यात कानातली असतात.”